निर्गुंडीच्या अर्काची सूजविरोधी चाचणी: परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

निर्गुंडीचा पाला गरम करून सुजलेल्या सांध्यावर बांधणे आपल्याकडे नवे नाही. त्या पाल्याच्या अर्काने सूज किती उतरते हे प्रयोगशाळेत मोजायचे, तर बहुतेकदा उंदरांवर प्रयोग करावा लागतो आणि त्याला आधी लेखी मंजुरी लागते. प्रयोग उरकून मागाहून मंजुरी मिळत नाही. एम.फार्म., एम.डी. (द्रव्यगुण) किंवा पीएच.डी. करणाऱ्यांनी विषय ठरताच याच्या तयारीला लागावे.

अर्ज व्यक्तीच्या नावे असला तरी पात्रता संस्थेची पाहतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० खाली प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्राची सीसीएसईए (पूर्वीची सीपीसीएसईए) ही समिती आहे. तिच्याकडे नोंदणी झालेल्या संस्थेतच प्रयोग करता येतो. स्वतःचा औषधी पाठ (औषधाची कृती) तपासून घ्यायचा असेल, तर वैद्यांनाही अशाच एखाद्या संस्थेबरोबर काम करावे लागते. उंदीर आणि सशांसारख्या लहान प्राण्यांसाठीची मंजुरी संस्थेची प्राणी नैतिकता समिती (आयएईसी) देते. मोठ्या प्राण्यांचे प्रस्ताव केंद्रीय समितीकडे जातात. आयएईसीच्या बैठकीला केंद्राचा प्रतिनिधी हजर लागतो, म्हणून ती हवी तेव्हा भरत नाही. पुढची तारीख आधीच विचारून ठेवा.

पहिला कागद वनस्पतीच्या ओळखीचा. फुलोऱ्यासह फांदी दाबून वाळवा, ती कागदावर चिकटवून हर्बेरियम शीट करा आणि गोळा केल्याची जागा व तारीख लिहा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था इथे जाती तपासून घेता येते. बाजारातून आणलेला चुरा त्यासाठी चालत नाही. मला हा कागद सर्वांत मोलाचा वाटतो, कारण वनस्पतीच चुकली तर पुढे प्राण्यांना दिलेला सगळा त्रास फुकट जातो.

मुख्य अर्ज फॉर्म बी. यात प्राण्याची जाती, लिंग, संख्या, कुठून आणणार (नोंदणीकृत पैदासकाराकडूनच), मात्रा, वेदना कमी करण्याचे उपाय आणि शेवटी प्राण्याचे काय करणार, हे सगळे लिहायचे असते. सर्वाधिक प्रश्न संख्येवर येतात. नेहमीची पद्धत कॅराजीनन या सूज आणणाऱ्या पदार्थाची: उंदराच्या मागच्या तळपायात १ टक्का द्रावण ०.१ मिली टोचतात आणि प्लेथिस्मोमीटर या उपकरणाने पंजाचे आकारमान दर तासाला मोजतात. एक नियंत्रण गट (अर्क न दिलेला), एक डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथॅसिन या सूज उतरवणाऱ्या प्रचलित औषधाचा गट आणि अर्काच्या तीन मात्रांचे तीन गट. प्रत्येकी ६ धरले तर ३० उंदीर. ‘सगळे सहाच घेतात’ हे उत्तर पुरत नाही, संख्याशास्त्रीय हिशेब जोडा. मोजमाप चार-पाच तास का, हेही लिहा: सुरुवातीची सूज शरीरातील हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांमुळे येते, प्रोस्टाग्लँडिनची नंतर. पहिल्या तासावर थांबलात तर अर्क नेमका कुठे काम करतो ते कळणारच नाही.

मात्रा कशावरून ठरवली हे सांगायला तीव्र विषाक्ततेची चाचणी (ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शिका ४२३ किंवा ४२५) लागते. तिचे प्राणीही याच अर्जात दाखवा.

प्राण्यांशिवाय भागेल का, हा प्रश्न फॉर्ममध्ये असतोच आणि त्याचे उत्तर मनापासून शोधावे. अंड्यातील अल्ब्युमिन या प्रथिनावरची, प्राणी न लागणारी चाचणी आधी करून तिचे निष्कर्ष जोडले तर प्रस्ताव भक्कम होतो. तिला आयएईसीची मंजुरी लागत नाही. माणसाच्या रक्तपेशी वापरणार असाल तर मात्र मानवी संशोधनाच्या नैतिकता समितीची परवानगी आणि रक्तदात्याची लेखी संमती घ्या.

मंजुरीचा क्रमांक प्रबंधात आणि शोधनिबंधात छापावा लागतो. मात्रा, गट किंवा संख्या बदलली की दुरुस्तीचा अर्ज पुन्हा समितीपुढे ठेवायचा. प्रयोगाची नोंद फॉर्म डीमध्ये होते.

या मंजुरीवर औषध विकता येत नाही. त्यासाठी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील १५८-बी प्रमाणे वेगळा अर्ज करावा लागतो.