वितळलेलं लोखंड आणि मुंबईची दमट हवा

वितळलेल्या लोखंडाचा खरा वैरी म्हणजे हवा. साधं पोलाद १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. तिथवर ते तापवणं आता अवघड राहिलेलं नाही, कारण विजेच्या आर्कचं, म्हणजे दोन टोकांमध्ये सलग पेटत राहणाऱ्या ठिणगीचं, तापमान कित्येक हजार अंश असतं. अडचण त्यानंतर सुरू होते. इतक्या तापलेल्या धातूला ऑक्सिजन लागला की ऑक्साइड बनतात. नायट्रोजन आत शिरला तर धातू गोठताना छिद्रं राहतात आणि जोड ठिसूळ होतो. कुर्ल्याच्या नाहीतर साकीनाक्याच्या गाळ्यांत आर्क, सीओटू, आर्गन, गॅस अशी वेल्डिंगची नावं कानावर पडतात. शिकाऊ मुलाने प्रत्येक वेळी एवढंच विचारावं: यात हवा कशी अडवली आहे? त्या उत्तरातच त्या पद्धतीचं बरंचसं मर्म असतं.

आर्क वेल्डिंगचा रॉड म्हणजे लेप चढवलेली लोखंडी तार. सुरुवातीच्या काळात तार उघडीच असायची आणि जोड कच्चे पडायचे. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनचे ऑस्कर केलबर्ग जहाजांच्या बॉयलरची दुरुस्ती करत असताना या अडचणीच्या मागे लागले. त्यांनी तार कार्बोनेट आणि सिलिकेटच्या दाट मिश्रणात बुडवून वाळवली. हा लेप जळताना वायू सोडतो आणि तो वायू वितळलेल्या धातूभोवतीची हवा बाजूला सारतो. उरलेला लेप वितळून वर तरंगतो आणि धातू गोठेपर्यंत त्याला झाकून ठेवतो. हाच स्लॅग. तो चिपिंग हॅमरने ठोकून काढला की खालचा चकचकीत रन, म्हणजे गोठलेल्या धातूची रेघ, दिसतो.

आयटीआयमध्ये वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा. सुरुवातीचे दिवस नुसत्या प्लेटवर सरळ रन ओढण्यात जातात, आणि जवळपास प्रत्येकाचा रॉड चिकटतो. टोक प्लेटला टेकलं की शॉर्ट सर्किट होतं, टोक वितळतं आणि आर्क पेटायच्या आत थंड प्लेटवर गोठून बसतं. रॉड ओझरता घासून लगेच उचलायचा आणि तारेच्या जाडीइतकं अंतर राखायचं, हे हाताला कळावं लागतं. शिवाय रॉड जळून आखूड होत जातो, म्हणजे हात पुढे नेता नेता खालीही आणायचा. अंतर वाढलं की आर्क भरकटतो, लेपाच्या वायूचं छत्र फाटतं आणि हवा आत घुसते. जुने कारागीर हे कानाने ओळखतात. आर्क बरोबर असेल तर गरम तेलात भजी सोडल्यासारखा सलग चरचराट येतो. करंटचा ढोबळ हिशेब तारेच्या दर मिलिमीटरला ४० अँपिअर, म्हणून ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला साधारण ९० ते १३० अँपिअर लावतात.

आता पावसाळ्याकडे येऊ. जुलैत मुंबईच्या हवेची सापेक्ष आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर असते आणि रॉडचा लेप ती ओल शोषून घेतो. खिडकीच्या ग्रिलसाठी ६०१३ नंबरचा रॉड चालतो. त्यातल्या ६० चा अर्थ जोडाची ताण सोसायची ताकद दर चौरस इंचाला किमान ६०,००० पौंड. हा रॉड थोडा सर्दावला तर जोडात छिद्रं पडतात, पण सहसा मोठा अनर्थ होत नाही. जाड प्लेट, जहाजाचा सांगाडा किंवा पुलाचा गर्डर असेल तेव्हा ७०१८ सारखा कमी हायड्रोजनचा रॉड लागतो, आणि तिथे ओल घातक ठरते. लेपातलं पाणी आर्कमध्ये फुटून हायड्रोजन मोकळा होतो. वितळलेलं लोखंड तो सहज पोटात घेतं, पण गोठल्यावर तेवढा मावत नाही. मग त्याचे अणू सरकत सरकत जोडालगतच्या कडक झालेल्या पट्ट्यात साठतात. काम संपताना जोड निर्दोष दिसतो आणि काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, आतून तडकतो. म्हणून हे रॉड ३०० अंशांच्या आसपास एक-दोन तास ओव्हनमध्ये भाजून गरम डब्यात ठेवतात, आणि महत्त्वाच्या जोडांची तपासणी ४८ तास थांबून करतात. उघड्या पुड्यातला ७०१८ तसाच वापरणारा सुपरवायझर दिसला की मला राग येतो, कारण ही चूक डोळ्यांना दिसतच नाही.

सीओटू वेल्डिंगमध्ये तार मशीनमधून आपोआप पुढे येते आणि हवा अडवायचं काम कार्बन डायऑक्साइड करतो. आर्गन वेल्डिंगमध्ये हवा आर्गन वायू अडवतो आणि टंगस्टनची सुई आर्क धरते, ती ३४२२ अंशांपर्यंत वितळत नाही, आणि लागलंच तर भरणीची तार दुसऱ्या हाताने द्यायची. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमच्या बारीक कामाला हीच पद्धत. दोन्हींत वायूचा झोत हलका असतो. उकडतं म्हणून कोणी टेबल फॅन लावला की हा झोत उडून जातो आणि जोड जाळीदार होतो. लोकलचे रूळ जोडायला रेल्वेवाले एटी (ॲल्युमिनो-थर्मिक) वेल्डिंग करतात. त्यात ॲल्युमिनियमची भुकटी आयर्न ऑक्साइडमधला ऑक्सिजन खेचून घेते, त्या उष्णतेने लोखंड रस होऊन साच्यात उतरतं आणि हलका ॲल्युमिनियम ऑक्साइड वर राहून ते झाकतो.

शिकताना शरीराचं भान पहिल्या दिवसापासून हवं. आर्कच्या अतिनील किरणांनी डोळ्यांना वेल्डिंग लागतं ते लगेच कळत नाही. सहा-आठ तासांनी, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. काळी काच १० ते १२ नंबरची हवी, आणि नुसत्या बघत उभ्या राहिलेल्या मदतनिसालाही हवी. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपवरचं जस्त जळून निघणारा धूर छातीत गेला तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो. आपल्याकडे मलेरियाचीच शंका आधी येते, म्हणून दिवसभर काय वेल्ड केलं हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. असा ताप एक-दोन दिवसांत उतरतो. रोजच्या धुराचं तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला.

सगळ्यात फसवा धोका आर्गनचा. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो हवेपेक्षा जड. टाकीत किंवा जहाजाच्या तळातल्या कप्प्यात तो खाली साचत जातो आणि ऑक्सिजन वर ढकलतो. जोडाला जे हवं तेच माणसाचा श्वास तोडतं, आणि आत उतरलेल्याला गुदमरल्याचं जाणवायच्या आधी शुद्ध हरपू शकते. बंद जागेत ब्लोअरने ताजी हवा सोडायची, मीटरने ऑक्सिजन मोजायचा, आत उतरायच्या तोंडाशी बाहेर एक माणूस उभा ठेवायचा आणि जेवायला बाहेर पडताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. आतला कोसळला तर बाहेरच्याने दम धरून उडी टाकायची नाही. आधी हवा सुरू करायची आणि श्वसनाचं उपकरण असलेली माणसं बोलवायची.