लाल दिव्याचा बोर्ड म्हणजे स्टॅबिलायझर नव्हे

‘स्पाइक गार्ड लावलाय, आता व्होल्टेज कितीही वर-खाली होवो’ हा समज घरोघरी आहे, आणि तो चुकीचा आहे.

स्पाइक गार्डमध्ये, म्हणजे लाल दिव्याच्या त्या एक्स्टेंशन बोर्डात, एमओव्ही नावाचा बिस्किटासारखा चपटा भाग असतो. विजेच्या तारेतून क्षणार्धात काही शे ते हजारो व्होल्टचा झटका (स्पाइक) आला, तर एमओव्ही तो स्वतःतून वळवतो. झटका मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणून हे जमतं. पण न्यूट्रल (वीज परत जाण्याची तार) तुटला आणि 230 च्या जागी 350-400 व्होल्ट येत राहिले, तर एमओव्ही तापून जळतो. कमी दाबावर तर त्याच्याकडे काहीच उपाय नाही. ते काम स्टॅबिलायझरचं. तो मात्र इतका वेगवान नसतो की स्पाइक अडवेल. दोघांची कामं वेगळी.

एमओव्ही प्रत्येक मोठ्या झटक्यागणिक झिजतो. बोर्डाचा लाल दिवा बहुधा फक्त वीज चालू असल्याचं सांगतो, संरक्षण शिल्लक असल्याचं नाही. स्वस्त बोर्डांत तर कधीकधी एमओव्हीच नसतो! घेताना जूलमधला आकडा (झटक्याची किती ऊर्जा बोर्ड झेलेल ते) छापलाय का बघा, आणि घरात अर्थिंग धड आहे का तेही.

लॅपटॉपच्या चार्जरवर ‘100-240 व्होल्ट’ लिहिलेलं असेल, तर कमी दाबासाठी त्याला स्टॅबिलायझर नको. फ्रिजची गोष्ट वेगळी, साध्या कॉम्प्रेसरला कमी दाब सोसत नाही. कडाडून वीज पडत असताना मात्र प्लग काढाच, डिशची केबलसुद्धा.