वाढवण: बंदर हा उद्योग आहे की नाही?

डहाणू तालुक्यातल्या वाढवण गावासमोर समुद्रात मोठे मालवाहू बंदर होते आहे. वाढवणच्या बातम्या आता भरावाच्या, जोडरस्त्याच्या भूसंपादनाच्या आणि पोरांना कसले प्रशिक्षण मिळणार याच्या असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला भूमिपूजन झाले. ७६,२२० कोटी हा खर्चाचा आकडा रिक्षावाल्यालाही पाठ आहे. गावात मात्र पारावर बसलेला माणूस अजून १९९८ पासूनच गोष्ट सुरू करतो. त्या वर्षी काय ठरले होते आणि नंतर ते कसे फिरले, हे कळल्याशिवाय आजच्या हरकती, मोर्चे आणि कोर्टाच्या तारखा नुसत्या हट्टासारख्या वाटतात.

आधी एका शब्दाचा घोळ. पालघर-डहाणूत रेल्वेच्या पश्चिमेला बंदरपट्टी आणि पूर्वेला जंगलपट्टी, अशीच विभागणी लोक करतात. बंदरपट्टीतल्या जवळजवळ प्रत्येक गावाला आपले बंदर आहे, म्हणजे होड्या लागतात, मासळी उतरते, लिलाव होतो ती जागा. “बंदरावर गेलीय” म्हणजे बाई मासळी आणायला गेली आहे. त्यामुळे “एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द” ही घोषणा इथे पहिल्यांदा ऐकणाऱ्या बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो की ज्यांचे सगळे आयुष्य बंदरावर गेले, त्यांना बंदर का नको? दोन्ही ठिकाणी शब्द एकच, गोष्टी दोन. एका बंदराला वाळू आणि ओहोटी पुरते. दुसऱ्याला १,४४८ हेक्टर समुद्र बुजवावा लागतो आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत बांधावी लागते.

या किनाऱ्याचा व्यापार जुना आहे. चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांपैकी इ.स. ९२६ चा एक राष्ट्रकूटांच्या काळातला आहे. त्यात संजाण मंडळावर राज्य करणारा अरब अधिकारी, लोकांना पलीकडे नेणारी फुकट होडी आणि अन्नछत्र यांचा उल्लेख येतो. बंदराच्या बाजूने बोलणारे हा दाखला आवडीने देतात. हजार वर्षांपूर्वी इथे गलबते लागत होती हे खरेच, पण ती खाडीच्या मुखाशी लागत होती. त्यापलीकडे या दाखल्यातून आजच्या वादाला फारसे काही मिळत नाही.

खरी सुरुवात १९८९ ची. डहाणूच्या खाडीलगत ५०० मेगावॅटचा कोळशावरचा वीजप्रकल्प मंजूर झाला आणि चिकूच्या वाड्यांत खळबळ माजली. बागायतदार कुटुंबांतल्या काही बायकांनी कागदपत्रे गोळा करून कोर्ट गाठले. प्रकल्प थांबला नाही, १९९५ मध्ये तो सुरू झालाच. पण त्या भांडणाच्या ओघात २० जून १९९१ ची अधिसूचना निघाली आणि अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. प्रदूषणाच्या चढत्या क्रमाने उद्योगांचे हिरवे, नारिंगी आणि लाल असे वर्ग पडले. लाल वर्गाला तालुक्यात मज्जाव. उद्योगांसाठी एकूण जागा जास्तीत जास्त ५०० एकर. तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगांपासून मोकळा ठेवावा, असेही त्यात होते. दक्षिणेला लागूनच तारापूरची अणुभट्टी आणि औद्योगिक वसाहत आहे, हे लक्षात घेतले की ही भाषा एवढी कडक का, ते कळते. नवापूरच्या समुद्रात जाणारे सांडपाणी लोक रोज बघत होते आणि अणुभट्टीपायी उठलेल्या अक्करपट्टी-पोफरणच्या विस्थापितांची फरफट पुढे त्यांनी बघितलीच. तालुक्याच्या हद्दीबाहेर काय होते हे त्यांना वाचून समजायचे नव्हते.

अधिसूचना पाळली जात नाही म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर १९९६ च्या आदेशानंतर, त्याच वर्षाच्या अखेरीस एक प्राधिकरण नेमले गेले. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती होते आणि शेवटपर्यंत, म्हणजे जानेवारी २०१९ मध्ये वारले तोपर्यंत, तेच राहिले. हे प्राधिकरण कागदी नव्हते हे सांगायला एक उदाहरण पुरे. वीजप्रकल्पाच्या धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश त्याने १९९९ मध्ये दिला. कंपनीने टाळाटाळ केली, वर्षे गेली, पण २००७ मध्ये यंत्रणा बसली. त्या काळात देशातल्या बहुतेक औष्णिक केंद्रांकडे अशी यंत्रणा नव्हती. डहाणूत लोकांनी “प्राधिकरणाकडे जाऊ” म्हणणे आणि दुसऱ्या तालुक्यात “कलेक्टरला निवेदन देऊ” म्हणणे, यात फरक होता.

आता १९९८. राज्याने खासगी बंदरांचे धोरण आणले होते आणि वाढवणसाठी एका परदेशी कंपनीशी करार झाला होता. जागा निवडण्यामागचे कारण तेव्हाही तेच होते आणि आजही तेच आहे. किनाऱ्यापासून दहा किलोमीटरच्या आत वीस मीटर पाणी मिळते. न्हावाशेव्यासारखा सतत गाळ उपसायची गरज नाही. नकाशा बघणाऱ्याला वाढवण म्हणजे खोली. गावकऱ्याला मात्र ओहोटीला उघडा पडणारा खडक दिसतो. शंखोदर हे तिथले पवित्र स्थान. त्या खडकांच्या कपारींत शेवंड, कालवे, खेकडे सापडतात आणि त्यावर बोट नसलेल्या घरांची चूल चालते. याच खडकामुळे लाटांचा जोर मोडतो, नाहीतर समुद्र आमच्या दारात आला असता, असे गावकरी सांगत. प्राधिकरणापुढे सुनावण्या झाल्या. मच्छीमार आले, वाडीवाले आले, चिंचणी-वरोरकडचे डायमेकिंगवाले आले. दागिन्यांचे साचे कोरण्याचा हा धंदा या पट्ट्यात घरोघर आहे, पण बाहेर कुणाला माहीत नाही.

सप्टेंबर १९९८ मध्ये आदेश आला. एवढ्या आकाराचे बंदर डहाणू तालुक्यात करणे १९९१ च्या अधिसूचनेला धरून नाही, म्हणून बेकायदा. कंपनी निघून गेली. गावात पेढे वाटले गेले आणि विषय संपला, असे सगळ्यांनी धरले. तो संपला नव्हता, हे कळायला सतरा वर्षे लागली.

या आदेशावर जरा थांबावे लागेल, कारण पुढचे सगळे भांडण त्याच्या एका सांध्यावर झाले आहे. अधिसूचनेत “बंदर” असा शब्द घेऊन बंदी नाही. बंदी उद्योगांना आहे, वर्गवार. म्हणजे बंदर थांबवायचे तर बंदर हा उद्योग ठरला पाहिजे, आणि तोही वरच्या वर्गातला. १९९८ मध्ये हा प्रश्न फार कुणी ताणला नाही, कारण बंदराबरोबर गोदामे, रस्ते, रेल्वे, तेलाच्या टाक्या आणि मागून कारखाने येतात, हे सगळ्यांना दिसत होते. पुढे प्रदूषण नियंत्रणाच्या केंद्रीय यादीतही बंदरे, धक्के आणि गाळ काढण्याची कामे लाल वर्गातच होती. २०१६ च्या सुधारित यादीतही होती. तोवर शब्द आणि समज एकाच बाजूला होते.

जून २०१५ मध्ये नवा करार झाला. या वेळी परदेशी कंपनी नव्हती. केंद्राचे न्हावाशेव्याचे बंदर ७४ टक्के आणि राज्य २६ टक्के अशी भागीदारी ठरली. आराखडाही बदलला. बंदर किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत, समुद्रात भराव घालून करायचे आणि भरावाची वाळू दमणच्या बाजूच्या समुद्रातून आणायची. त्यामुळे बंदरासाठी एक गुंठाही जमीन जाणार नाही, असे सांगता येऊ लागले. जमीन लागणार होती ती रस्त्याला आणि रेल्वेला. हे वाक्य ऐकून जंगलपट्टीतला शेतकरी थोडा निवांत झाला असेल, पण मच्छीमाराच्या दृष्टीने त्यात काही दिलासा नव्हता. त्याचे शेत तिकडेच आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली. तेव्हाचा आकडा सुमारे ६५,५०० कोटी. आणि एप्रिलच्या अखेरीस, सगळा देश टाळेबंदीत असताना, केंद्राच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेने बंदरांची वर्गवारी बदलली. बंदरे आता लाल नाहीत, नारिंगीही नाहीत, ती “बिगर-औद्योगिक” कामे. ८ जूनला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे पत्र निघाले आणि त्या वर्गवारीचा डहाणूपुरता अर्थ लावून झाला. म्हणजे आदेश मोडला गेला नाही, अधिसूचना रद्द झाली नाही. एका यादीतली एक नोंद एका रकान्यातून दुसऱ्यात गेली, आणि १९९८ चा आदेश ज्या जमिनीवर उभा होता ती त्याच्या पायाखालून काढली गेली.

या वर्गबदलाची बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे सरळ होते. बंदरात माल तयार होत नाही, फक्त चढतो-उतरतो. मग उद्योग कसला? तर्क म्हणून हे चूक नाही. पण मराठीत “उद्योग” म्हटले की धूर सोडणारी चिमणीच डोळ्यांपुढे येते असे नाही. आणि डहाणूची अधिसूचना निघाली ती चिमणीबरोबरच एकूण भार सोसण्याच्या क्षमतेपायी. कारखाना म्हणून न मोजलेले बंदरही गाळ उपसते, पाणी गढूळ करते, ट्रकांची रांग लावते. २०२१ मध्ये हरित न्यायाधिकरणाने हा वर्गबदल तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घ्यायला सांगितला. तज्ज्ञांनी तो योग्य ठरवला. एकदा रकाना बदलला की तो परत बदलत नाही, हे गावाने तेव्हा ओळखले.

दरम्यान रस्त्यावरची बाजू जोरात होती. डिसेंबर २०२० मध्ये झाईपासून कफ परेडपर्यंत किनारा बंद राहिला, मासळीबाजार उघडले नाहीत. मानवी साखळ्या झाल्या, मतदानावर बहिष्काराची भाषा झाली. एक गोष्ट मात्र आंदोलनाच्या बातम्यांत सहसा येत नाही. हाच किनारा एरवी आपसात भांडतो. वसई-उत्तनच्या बोटी उत्तरेकडे येऊन डोलीसाठी, म्हणजे प्रवाहात ताणून लावायच्या जाळ्यासाठी, कव मारतात, म्हणजे समुद्रात खुंट ठोकून जागा धरतात, यावरून डहाणू-पालघरच्या मच्छीमारांशी त्यांचा वाद अनेक वर्षांचा आहे. समुद्रात कुणाची कव कुठे, कुणाच्या बापाची, हे त्यांना तोंडपाठ असते. समुद्राचा सातबारा नाही, म्हणून तो कुणाचाच नाही असे कागद म्हणतो. भरपाईच्या चर्चेत “बाधित कोण” हा प्रश्न अडतो तो इथेच. बोट ज्याच्या नावावर तो बाधित, हे ठरवणे सोपे. पण कवीची जागा गेली त्याचे काय, खलाशाचे काय, ओहोटीला खडकावर जाणाऱ्या बाईचे काय, बाजारात टोपली घेऊन बसणारीचे काय? शेवटच्या दोघींच्या नावावर तर कुठलाच परवाना नसतो.

प्राधिकरणाचे अध्यक्षपद २०१९ नंतर काही काळ रिकामे होते, मग नवी रचना झाली. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने, ज्याने पंचवीस वर्षांपूर्वी नाही म्हटले होते, अटी घालून ना-हरकत दिली. जानेवारी २०२४ मध्ये पालघरला जनसुनावणी झाली, फेब्रुवारीत पर्यावरण मंजुरी मिळाली. ना-हरकतीविरुद्धच्या याचिका एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळल्या. जुना आदेश असताना नवा कसा, हा याचिकांतला मुद्दा न्यायालयाला पटला नाही. काळ बदलला, आराखडा बदलला, वर्गवारी बदलली. खडक तोच होता, पण तो कुणी पक्षकार नव्हता. जूनमध्ये मंत्रिमंडळाची अंतिम मान्यता आली, आणि निकालाविरुद्धची दाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली.

बंदर झाले तर काय मिळेल, याचे आकडे मोठे आहेत. हजार-हजार मीटरचे नऊ कंटेनर टर्मिनल, वर्षाला जवळपास ३० कोटी टन मालाची क्षमता. गावातल्या तरुणांत आता दोन तट आहेत हेही खरे. डिझेल महाग, मासळी कमी, पर्ससीनवाले मोठी घेरजाळी टाकून वरून ओढून नेतात. अशात बारावी झालेल्या मुलाला क्रेन चालवायचे प्रशिक्षण नको म्हणायला सांगणे सोपे नाही. घरात बाप घोषणा देऊन येतो आणि पोरगा अर्ज भरून येतो, असे चित्र काही घरांत आहे. त्यावर बाहेरून टोमणे मारू नयेत.

आता नजर दक्षिणेकडे गेली आहे. पालघर तालुक्यात, सातपाटीच्या समोर खाडीपलीकडे मुरब्याला दुसरे बंदर यायचे आहे. तिथे डहाणू तालुक्याची हद्द नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये याच मुरब्याच्या एका बोटीला एका फेरीत दीडशेवर घोळ लागली होती. घोळीच्या बोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, परदेशात सोन्याचा भाव. लिलाव एक कोटी तेहतीस लाखांवर गेला आणि देशभरच्या वाहिन्यांनी ती बातमी दाखवली. जाळे कुठे टाकले होते, ते फार थोड्यांनी विचारले. वाढवणच्या बाजूला, वीस-पंचवीस सागरी मैल आत.