फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार टाकली?

मावशीचं घर पुण्यात जुन्या वाड्यात, पक्कं शाकाहारी, आणि तिथे रोज सकाळी सुकट भाजल्यासारखा वास यायला लागला. आधी शेजाऱ्यांवर संशय घेऊन झाला. मग लक्षात आलं की गिझर लावला की बाथरूमबाहेरच्या स्विचबोर्डातून वास येतोय. काही प्लास्टिक तापलं की असाच मासळीसारखा वास सुटतो.

बोर्ड उघडला तर आत लाकडी पट्टीतलं जुनं वायरिंग, मुळात दोन बल्ब, पंखा आणि रेडिओसाठी केलेलं, त्यातूनच काकांनी फाटा काढून गिझर जोडलेला. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला जवळजवळ ८.७ अँपिअर खेचतो आणि सॉकेट होतं ६ अँपिअरचं! त्यात करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंत सोसतं, त्याच्यावर रोज तापत राहिलं की कडक होऊन तडकतं.

सुरुवातीला फ्यूज उडायचा म्हणे, आणि तेच बरोबर होतं, कारण सगळ्यात आधी जळावी म्हणूनच ती बारीक तार तिथे असते. काकांनी वैतागून तिथे जाड तांब्याची तार गुंडाळली. फ्यूज उडायचा थांबला, पण आता आधी जळणार ती पट्टीतली वायर, तीही सुक्या लाकडाला चिकटून.

एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, बसवला की मिटलं, असं वाटतं ना? ओव्हरलोडपुरतं ठीक आहे. पण काकांचा जोड म्हणजे दोन तारांना पीळ देऊन वर चिकटपट्टी, असा जोड ढिला पडून तिथे समजा अर्धा ओहम रोध (करंटला अडथळा) आला, तर ८.७ अँपिअरला तेवढ्याशा जागेत ३८ वॅट उष्णता होते. डाग द्यायची सोल्डरिंग आयर्न बऱ्याचदा २५ वॅटची असते! आणि एमसीबीला काही पत्ता नाही, कारण करंट वाढलेलाच नाही, उलट किंचित कमी झालाय. तापून तांबं काळं पडतं, रोध अजून वाढतो, मग अजून तापतं. आरसीसीबीसुद्धा हे पकडत नाही, तो गळणारा करंट बघतो, शॉकपासून वाचवायला.

आता मावशीच्या गिझरला मीटरपासून वेगळी जाड लाइन आणि १६ अँपिअरचं सॉकेट आहे. तुमच्याकडे दहा मिनिटं गिझर चालवा, मग स्विच बंद करून प्लगच्या प्लास्टिकला बोट लावून बघा. चटका बसला तर वायरमनला बोलवा, काकांना नको.