जागा कमी असलेल्या ट्रकसाठी सबवूफर आणि बॉक्स
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न इंचांचा असतो. दहा इंची वूफर (म्हणजे सबवूफर, बास वाजवणारा स्पीकर) बसेल का, बारा इंची बसेल का? त्यावर आम्ही विचारतो, सीटच्या मागे किंवा खाली किती लिटर हवा मावते? या प्रश्नाचं उत्तर हाती आलं की वूफर निवडायला फार वेळ लागत नाही. उत्तर नसताना वूफर घेतला तर पुढे बॉक्स, सीट आणि आवाज या तिन्हींशी तडजोड करावी लागते. तेव्हा विनंती एवढीच, की वूफर आधी विकत घेऊन येऊ नका. आधी माप आणा.

माप कसं घ्यायचं

पिकअपच्या डबल केबिनमध्ये बॉक्स मागच्या सीटखाली किंवा सीटच्या पाठीमागे जातो, सिंगल केबिनमध्ये सीट आणि मागच्या पत्र्याच्या फटीत. मोठ्या ट्रकमध्ये झोपायच्या बर्थखाली जागा निघते. यातली कुठलीच जागा चौकोनी नसते. फरशीला उंचवटा असतो, सीटच्या पायाचे नट वर आलेले असतात, मागचा पत्रा तिरका असतो. नुसती टेप लावून लांबी-रुंदी-उंची लिहून घेतली, तर बॉक्स तयार झाल्यावर तो कुठेतरी अडतोच.

म्हणून जाड पुठ्ठा घ्या आणि चिकटपट्टीने खोटा बॉक्स बनवा. तो जागेवर ठेवा, सीट पाडा, सीट पूर्ण मागे सरकवा. अडेल तिथे पुठ्ठा कापा. जॅक आणि पाना काढता येतोय का, सीटबेल्टचं बक्कल हाताला येतंय का, सीटखाली एअरबॅगच्या किंवा बेल्टच्या वायरी आहेत का आणि हीटरच्या हवेचं तोंड झाकलं जातंय का, हे आत्ताच बघा. सीटखालून जाणाऱ्या एअरबॅगच्या वायरींना आम्ही हात लावत नाही. बॉक्स त्यांना सोडूनच बसवायचा.

आणखी एक काम करा. पुठ्ठ्याच्या बॉक्सवर चार-पाच ठिकाणी ओल्या मातीचे लिंबाएवढे गोळे ठेवा, सीट खाली पाडा आणि त्यावर माणसं बसवा. फक्त सीट पाडून भागत नाही, माणसं बसायला हवीत. उठल्यावर चपट्या झालेल्या गोळ्याची उरलेली जाडी मोजा. वूफरच्या तोंडापुढे खरी मोकळी जागा तेवढीच. हा धडा आम्ही एका ग्राहकाच्या गाडीत शिकलो. बॉक्स चपखल बसला, आवाज छान आला. दोन दिवसांनी ग्राहक परत आले, बास वाजताना फरफर येत होती. मागे तिघे बसले की सीटचा तळ जवळजवळ दोन सेंटीमीटर खाली येत होता आणि वूफरच्या रबरी कडेला घासत होता. कड एका बाजूला झिजली होती. तो वूफर आम्ही बदलून दिला. तेव्हापासून मातीच्या गोळ्याशिवाय आम्ही लाकूड कापत नाही.

बाहेरचं माप आणि आतली हवा

इथे बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो. समजा, सीटमागे १०० सेंमी लांब, ३० सेंमी उंच, खाली १८ आणि वर १० सेंमी खोल असा पाचरीच्या आकाराचा बॉक्स बसतो. खोलीची सरासरी १४ सेंमी. बाहेरून गुणाकार केला तर ४२ लिटर भरतात. आता १८ मिमीच्या एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) जाडी दोन्ही बाजूंनी वजा करा. आत राहतात ९६.४, २६.४ आणि १०.४ सेंमी, म्हणजे साधारण २६.५ लिटर. वूफरची चौकट, मॅग्नेट आणि आतल्या आधारपट्ट्या आणखी दोन-अडीच लिटर खातात. उरली २४ लिटरच्या आसपास हवा. बेचाळीसची चोवीस झाली!

बॉक्स जेवढा चपटा, तेवढा लाकडाच्या जाडीचा फटका मोठा. हाच बॉक्स १२ मिमीच्या चांगल्या प्लायचा केला तर आत ३१ लिटर मिळतात. पण पातळ प्लाय कंप पावतो, त्यामुळे मोठ्या पट्टीला आतून आधार द्यावाच लागतो. गाडी सतत हादरते हेही लक्षात घ्या. एमडीएफमध्ये स्क्रू एकदा ढिला झाला की पुन्हा पकड घेत नाही, शिवाय पाणी लागलं की तो फुगतो. त्यामुळे ट्रकसाठी आमची पसंती प्लायला आहे आणि वूफर आम्ही लाकडाच्या स्क्रूने न बसवता आतून टी-नट (लाकडात रुतून बसणारा नट) लावून बोल्टने बसवतो.

वूफरच्या कागदावर कधीकधी घनफूट दिलेले असतात. १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर.

लहान बॉक्स काय मागतो

स्पीकरच्या धंद्यात हॉफमन यांचा एक जुना नियम सगळे मानतात. लहान बॉक्स, खालपर्यंत जाणारा बास आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी दोनच मिळतात. ट्रकमध्ये लहान बॉक्स जागेनेच ठरवून टाकलेला असतो. मग खर्जातला बास हवा असेल तर अँप्लिफायरची ताकद वाढवावी लागते. उरलेल्या दोनपैकी आम्ही हाच मार्ग सुचवतो, कारण गाडीत वॅट वाढवता येतात, जागा वाढवता येत नाही.

यात ट्रकची केबिन तुमच्या बाजूने आहे. ४० हर्ट्झच्या स्वराची एक लाट साधारण साडेआठ मीटर लांब असते, केबिन असते जेमतेम दोन मीटर. लाटेची निम्मी लांबीही जेव्हा केबिनपेक्षा मोठी होते, तेव्हा वूफर सगळ्या केबिनमधली हवा एकत्र दाबू-सोडू लागतो. दोन मीटरच्या केबिनमध्ये हे ८५ हर्ट्झच्या आसपास सुरू होतं आणि तिथून खाली बास आपोआप वाढत जातो. पत्रे लवचिक असतात, दारांना फटी असतात, त्यामुळे ही वाढ पुस्तकात असते तेवढी भरत नाही. तरी कानाला ती स्पष्ट कळते. वूफर सीटखाली लपवला तरी चालतो त्याचं कारणही ही लांब लाटच. एवढा खालचा स्वर कुठून येतोय हे कानाला नीट ठरवता येत नाही.

बंद की पोर्टेड

आमचं मत सरळ आहे. २५ लिटरच्या आतबाहेर जागा असेल तर बंद बॉक्स करा.

पोर्टेड बॉक्स, म्हणजे हवा आतबाहेर जायला नळी असलेला बॉक्स, ठरावीक स्वरापाशी जास्त जोरात वाजतो, हे खरं. पण पोर्टची नळी कुठे ठेवणार? २४ लिटरचा बॉक्स ३५ हर्ट्झला जुळवायचा आणि नळी १० सेंमी व्यासाची घ्यायची, तर ती सुमारे ७३ सेंमी लांब लागते. ती नळी स्वतःच साडेपाच लिटरहून जास्त जागा व्यापते. तेवढी हवा कमी झाली की नळी आणखी लांब करावी लागते. बारीक, साडेसात सेंमीची नळी घेतली तर ४० सेंमीत भागतं, मात्र मोठ्या आवाजात तिच्यातून हवेचा फुसफुस आवाज येतो. शिवाय जुळवलेल्या स्वराच्या खाली पोर्टेड बॉक्समध्ये कोनला (वूफरच्या पुढेमागे हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार राहत नाही आणि तो गरजेपेक्षा जास्त उडतो. अगदी खालचे स्वर कापणारा फिल्टर नसेल तर वूफर फाटायची भीती असते.

बंद बॉक्समध्ये कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करते. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली एआर-१ हा स्पीकर याच तत्त्वावर आणला आणि लहान पेटीतूनही खालचा बास निघतो हे दाखवून दिलं. बंद बॉक्सचा आवाज खाली जाताना दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, पोर्टेडचा २४ ने. वर सांगितलेली केबिनची वाढ बंद बॉक्सची उतरण बरीच भरून काढते. लहान केबिनमध्ये बंद बॉक्स घट्ट आणि स्वच्छ वाजतो तो त्यामुळेच.

बॉक्समध्ये पॉलिएस्टरचा कापूस सैल भरला तर वूफरला बॉक्स दहा ते वीस टक्के मोठा वाटतो. ठासून भरू नका, नाहीतर उलट जागाच कमी होते. मॅग्नेटच्या मागच्या भोकापासूनही कापूस लांब ठेवा.

वूफरच्या कागदावरचे तीन आकडे

पेटीवर मोठ्या अक्षरात छापलेले वॅट सोडून द्या. आतल्या कागदावर एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस असे तीन आकडे असतात. एफएस म्हणजे मोकळा वूफर ज्या स्वराला स्वतःहून कंप पावतो तो स्वर, क्यूटीएस म्हणजे त्या कंपावर लगाम किती (आकडा मोठा तेवढा लगाम कमी), आणि व्हीएएस म्हणजे वूफरच्या स्प्रिंगएवढी ताठ असणारी हवा, लिटरमध्ये. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या कामातून ही पद्धत आली. या आकड्यांवरून वूफर कुठल्या बॉक्समध्ये कसा वाजेल हे लाकूड कापण्याआधीच सांगता येतं.

एक उदाहरण बघा. एफएस ३२ हर्ट्झ, क्यूटीएस ०.५, व्हीएएस ३० लिटर. हा वूफर ३० लिटरच्या बंद बॉक्समध्ये टाकला तर बॉक्सचा क्यू (बॉक्समध्ये बसल्यावरचा लगामाचा आकडा) ०.७१ येतो आणि अनुनाद, म्हणजे बॉक्ससकट कंप पावण्याचा स्वर, ४५ हर्ट्झला. वरच्या २४ लिटरच्या बॉक्समध्ये क्यू ०.७५ आणि अनुनाद ४८ हर्ट्झ, म्हणजे फरक जवळजवळ कळणारही नाही. पण तोच वूफर १० लिटरमध्ये कोंबला तर क्यू १.० वर आणि अनुनाद ६४ हर्ट्झवर जातो. मग बास एकाच स्वरावर घुमतो, त्याच्या खालचं काही ऐकू येत नाही आणि थोड्या वेळात कान थकतात. क्यू ०.७ ते ०.९ या दरम्यान बसला की आम्ही समाधानी असतो.

तिन्हींपैकी एकही आकडा कागदावर नसेल तर तो वूफर आम्ही सुचवणार नाही.

आता इंचांकडे येऊ. आठ इंची वूफरच्या कोनचं क्षेत्रफळ साधारण २१५ चौरस सेंमी असतं, दहा इंचीचं ३४० च्या आसपास. म्हणजे दोन आठ इंची मिळून एका दहा इंचीपेक्षा जास्त हवा हलवतात, आणि लांबट, चपट्या बॉक्समध्ये ते शेजारी-शेजारी सहज बसतात. खोली फारच कमी असेल तर शॅलो वूफर घ्या. नेहमीच्या वूफरला १२ ते १७ सेंमी खोली लागते, शॅलोला बहुधा ७ ते ९. मॅग्नेटला मागे हवेचं भोक असेल तर त्याच्यामागे अडीच सेंमी मोकळी जागा सोडावी लागते, ती हिशेबात धरा.

वूफर खाली तोंड करून बसवला तर कोन लोंबेल का, असं खूप जण विचारतात. ३० हर्ट्झ एफएस असलेला कोन स्वतःच्या वजनाने पाव मिलिमीटरहून किंचित जास्त खाली येतो. दहा मिलिमीटर हलणाऱ्या कोनला त्याने काही होत नाही. काळजी करायचीच तर फरशीपर्यंतच्या फटीची करा. कोनच्या व्यासाच्या पाव भागाएवढी फट उत्तम, म्हणजे दहा इंचीला सुमारे पाच सेंमी. थोडी कमी चालेल, अडीच सेंमीच्या खाली मात्र जाऊ नका.

वीज

अँप्लिफायर घेताना आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारी ताकद, बघा. ३०० वॅट आरएमएसचा क्लास-डी अँप पूर्ण ताकदीने वाजताना १२ व्होल्टच्या गाडीत साधारण २७ अँपिअर ओढतो. त्याला सरळ बॅटरीपासून तांब्याची १० चौरस मिमीची वायर द्या आणि बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत फ्यूज लावा. अँपपाशी लावलेला फ्यूज वायरीचं रक्षण करत नाही. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच. पत्र्याची कड महिनोन्महिने घासून वायरीचं आवरण कापते आणि आग तिथून लागते.

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथे एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून अँप चालवू नका. ती बॅटरी रोज उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि शेवटी दोन्ही जातात. २४ वरून १२ करणारा, अँपच्या अँपिअरपेक्षा थोडा मोठा कन्व्हर्टर लावा, नाहीतर २४ व्होल्टचाच अँप घ्या.

डबल कॉइलच्या (तारेची दोन वेटोळी असलेल्या) वूफरमध्ये ४-४ ओहमच्या कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात, ओळीने जोडल्या की ८. तुमचा अँप किती ओहमपर्यंत चालतो ते बघूनच वूफर ठरवा.

बसवल्यावर

फरशीला भोकं पाडून बॉक्स तिला घट्ट बांधायचाच. जोराच्या ब्रेकला सुटा बॉक्स माणसावर येतो. भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरी कुठे आहेत ते पाहतो. हे काम आम्ही घाईत करत नाही.

मग बॉक्समधून हवा निसटते का ते तपासतो. कोन दोन्ही तळव्यांनी अलगद आत दाबून सोडला तर तो सावकाश जागेवर यायला हवा. पटकन उसळला तर कुठेतरी फट आहे. ३० हर्ट्झचा स्वर हळू आवाजात लावून सांध्यांवरून ओला हात फिरवला की ती फट बोटांना गार झुळकेसारखी लागते.

लो-पास, म्हणजे फक्त खालचे स्वर वूफरकडे जाऊ देणारा फिल्टर, ८० हर्ट्झपासून सुरू करा. वूफरच्या वायरींची दिशा एकदा उलटी करून बघा, सीटवर बसून ज्या जोडणीत बास जास्त भरीव लागतो ती ठेवा. अँपवरचं गेनचं बटण आवाज वाढवायला नसतं. स्टिरिओ आणि अँप यांचा मेळ बसला की त्याला हात लावू नका.

आमच्याकडे येताना

पुठ्ठ्याचा बॉक्स सोबत आणा, मोडका असला तरी चालेल. सीट उचललेल्या अवस्थेतले दोन-चार फोटो, चपट्या मातीच्या गोळ्यांची मापं आणि गाडी १२ व्होल्टची आहे की २४ ची, एवढं सांगा. मागे रोज कोणी बसतं का हेही सांगा, कारण त्यावर बॉक्सची उंची ठरते. लिटर मोजून, आकडे जुळवून दोन-तीन वूफरची नावं आम्ही त्याच भेटीत देऊ. वूफर तुम्ही कुठूनही घ्या, त्याच्या कागदासकट आणा.