जमिनीलगतचा ओझोन आणि आपणहून केलेले करार: एक पार्श्वभूमी

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला की चर्चा असते ती उष्माघाताची, टँकरची आणि धुळीची. त्याच दुपारी हवेत ओझोनही तयार होत असतो, पण त्याचं नाव कोणी काढत नाही. शाळांत १६ सप्टेंबरला ओझोन दिन होतो, तो आकाशातल्या वरच्या थरासाठी. तो थर आपलं रक्षण करतो. जमिनीलगत आपण श्वासाबरोबर घेतो तो ओझोन छातीला त्रास देतो, दमेकऱ्यांना जास्तच.

हा वायू धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहनं, बॉयलर आणि वीजकेंद्रं यांतून नायट्रोजन ऑक्साइड निघतात. पेट्रोल, रंग, थिनर यांच्या वाफा हवेत मिसळतात. कडक ऊन मिळालं की या दोहोंच्या अभिक्रियेतून ओझोन बनतो. नेमकं हेच कळायला जगाला बराच वेळ लागला. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर डोळे झोंबवणारं धुरकं पसरलं, तेव्हा संशय कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. कारखाना थांबला, धुरकं थांबलं नाही. अननसाच्या गंधावर काम करणारे आरी हागेन-स्मिट हे जीवरसायनशास्त्रज्ञ पुढे या प्रश्नाकडे वळले आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गाड्यांचा धूर, तेलाच्या वाफा आणि ऊन यांचा संबंध दाखवून दिला. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या द्राक्षांच्या पानांवरचे बारीक काळपट ठिपके याच प्रदूषणामुळे पडतात, हेही सिद्ध झालं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या द्राक्ष बागायतदाराला हा तपशील माहीत असायला हवा, असं मला फार वाटतं.

अमेरिकेत १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला. ओझोनची मर्यादा ओलांडणारा भाग सरकारी यादीत जाऊ लागला. यादीत नाव लागलं की नव्या उद्योगांवर कडक अटी आणि रस्त्यांच्या निधीवर टांगती तलवार. आपणहून केलेल्या प्रयत्नांची सुरुवात या धास्तीतून झाली आणि त्यात कमीपणा काही नाही. १९९१ मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा या तेलाच्या व्यापारावर वाढलेल्या शहराने ‘ओझोन अलर्ट’ सुरू केला. सॅन फ्रान्सिस्को परिसरातला ‘स्पेअर द एअर’ही त्याच वर्षीचा. ज्या दिवशी ओझोन चढेल असा अंदाज असे, त्याच्या आदल्या दिवशी लोकांना सांगितलं जाई: उद्या बसने जा, पेट्रोल संध्याकाळी भरा. संध्याकाळीच का, तर तेव्हा सुटलेल्या वाफांना ऊन मिळत नाही.

पण नुसत्या आवाहनाचा प्रभाव किती टिकतो, हा प्रश्न होताच. त्याला खरं उत्तर मिळालं ते २००२ च्या ‘अर्ली अॅक्शन कॉम्पॅक्ट’मधून. शहर, आसपासची गावं, जिल्हे, राज्य आणि केंद्रीय पर्यावरण संस्था यांनी मिळून करार करायचा. ३१ डिसेंबर २००७ पर्यंत ओझोन मर्यादेत आणायचा, वाटेतले टप्पे लेखी ठरवायचे आणि वेळोवेळी प्रगतीचा हिशेब द्यायचा. त्या बदल्यात यादीची झळ तोवर लागणार नाही. टप्पा चुकला की सवलत संपली. करारात यायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं. एकदा आल्यावर मात्र सबब चालत नव्हती. अशी सवलत मिळालेल्या १४ भागांपैकी १३ भागांनी मर्यादा गाठली. डेन्व्हर राहिलं आणि नोव्हेंबर २००७ मध्ये त्याची सवलत गेली. या वाटेवर आधीपासून असलेलं टेक्सासमधलं सॅन अँटोनियो तेव्हा तरलं, पण २०१५ मध्ये मर्यादा आणखी कडक झाल्यावर २०१८ मध्ये यादीत आलंच. २०१२ पासून ‘ओझोन अॅडव्हान्स’ नावाने हीच कल्पना पुढे चालली, पण तिच्यात कराराइतकी सक्ती नव्हती.

आपल्याकडे २००९ च्या राष्ट्रीय मानकांत ओझोनची मर्यादा स्पष्ट दिली आहे: आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम, तासाला १८०. प्रत्यक्ष कामाचा रोख मात्र धुळीवर राहिला. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवा बिघडलेल्या शहरांत सोलापूरचं नाव घेतलं, ते श्वासातून आत जाणाऱ्या सूक्ष्म धुळीमुळे. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही सोलापूर आहे आणि तिथेही उद्दिष्ट मोजायचं ते धूलिकणांतच. धूळ कमी व्हायलाच हवी. पण रस्ते झाडून आणि पाणी मारून ओझोन घटत नाही.

शेतीचं नुकसान तर हिशेबातच येत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१४ च्या अभ्यासात, ओझोनमुळे देशात वर्षाला गहू आणि तांदूळ मिळून सुमारे ५६ लाख टन कमी पिकतं असा अंदाज निघाला. सुमारे ९ कोटी ४० लाख गरिबांना पुरेल एवढं हे धान्य.

सोलापुरात असा करार करायचा झाला तर तो एकट्या महापालिकेच्या आवाक्यातला नाही. एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प, चिंचोळी एमआयडीसी, साखर कारखाने आणि पुणे-हैदराबाद महामार्गावरच्या ट्रकच्या रांगा, यांतलं बरंचसं शहराच्या हद्दीबाहेर आहे. त्यामुळे टेबलाशी जिल्हाधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, कारखाने, वाहतूकदार आणि बागायतदार असे सगळे हवेत. मोजणीही केवळ सात रस्त्यासारख्या चौकात करून भागणार नाही. वाहनांच्या धुरातला ताजा नायट्रिक ऑक्साइड तिथला ओझोन खाऊन टाकतो आणि आकडा कमी दिसतो. वाऱ्याबरोबर पुढे गेलेल्या हवेत शहराबाहेरच्या शिवारावर तो पुन्हा चढतो. म्हणून एक यंत्र द्राक्षबागांच्या पट्ट्यात बसवायला हवं.