म्हशीला मुभा, माणसाला मनाई

डॉली मेंढी सगळ्यांना ठाऊक असते. समरूपा क्वचितच कुणाला. हरयाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये जन्मलेली ही म्हशीची क्लोन पारडी, म्हणजे एकाच जनावराच्या पेशीपासून घडवलेली त्याची जनुकीय प्रत, काही दिवसांतच दगावली. पुढच्याच वर्षी जन्मलेली गरिमा-२ मात्र जगली, गाभण राहिली आणि २०१३ मध्ये तिला महिमा नावाची पारडी झाली, चारचौघींसारखी.

कर्नालची पद्धत मला फार आवडते, कारण ती हातानं करायची आहे. कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतली बीजांडं काढायची, त्यांचं बाहेरचं कवच विकरानं (एन्झाइमनं) विरघळवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पात्यानं केंद्रक, म्हणजे जनुकांचा गाभा, असलेला भाग कापून टाकायचा. उरलेल्या भागाला हव्या त्या म्हशीची पेशी चिकटवून विजेचा हलका झटका दिला की दोन्ही एकजीव होतात. त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. सरावलेला हात लागतो.

खरी अडचण यानंतरची. कातडीच्या पेशीत सगळी जनुकं असतात, पण बहुतेकांवर रासायनिक खुणांची कुलपं असतात, कारण कातडीला डोळा किंवा यकृत घडवायचं नसतं. बीजांडातल्या द्रव्याला ही कुलपं काही तासांत उघडावी लागतात. एखादं राहून गेलं, तर गर्भाला पोसणारी वार नीट तयार होत नाही, गर्भ पडतो किंवा वासरू अवाढव्य वाढतं. डॉलीच्या वेळी २७७ पेशी जुळवल्या होत्या. त्यांतून गर्भाशयात ठेवण्याजोगे भ्रूण मिळाले २९, आणि कोकरू एकच.

आणि एवढं करून हुबेहूब प्रत मिळतेच असं नाही. २००१ मध्ये अमेरिकेत क्लोन केलेल्या मांजरीचे ठिपके मूळ मांजरीशी जुळलेच नाहीत. मेलेलं कुत्रं ‘परत’ मिळेल या आशेनं पैसे मोजणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

माणसाच्या बाबतीत असा हिशेब कोण मांडणार? निकामी गर्भ, आजारी बाळं, त्या आया. नीतीचे बाकीचे वाद बाजूला ठेवले तरी मनाईला माझ्या मते एवढं कारण पुरेसं आहे. ब्रिटननं २००१ मध्ये त्यासाठी कायदा केला. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं क्लोन करून मूल जन्माला घालण्यास मनाई करतात.

तरीही मार्च २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मानवी क्लोनिंगविरोधी जाहीरनामा आला, तेव्हा भारतानं विरोधात मत दिलं. (ठराव ८४ विरुद्ध ३४ मतांनी संमत झाला.) मूल जन्माला घालण्याला भारताचाही विरोधच होता, पण जाहीरनाम्याची भाषा इतकी मोघम होती की क्लोन केलेल्या भ्रूणातून उपचारांसाठी मूलपेशी (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी, म्हणजे स्टेम सेल) मिळवण्याचं संशोधनही तिच्या कचाट्यात सापडलं असतं. त्या संशोधनाला आजही वाट आहे, पण कडक परवानगीनं. भ्रूण गर्भाशयात ठेवायचा नाही, आणि प्रयोगशाळेतही १४ दिवसांपलीकडे वाढवायचा नाही.